निविदेत न धरलेला खर्च

रात्री दीडच्या सुमाराला पुण्यातल्या सोलापूर रस्त्यावर डांबर पसरणारा मजूर भरधाव मोटारीखाली सापडला, तर सरकारी आकडेवारीत तो पादचारी म्हणून जमा होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. त्यात मृतांची विभागणी पादचारी, सायकलस्वार, दुचाकीस्वार, मोटारीतले, ट्रकमधले अशी असते. अपघात कुठल्या जागी झाला याचेही रकाने आहेत: सरळ रस्ता, वळण, पूल, खड्डा, आणि काम चालू असलेला रस्तासुद्धा. पण त्या कामावर राबणारे किती जण गेले, हे सांगणारा रकाना नाही. कारखान्यात कुणाचा हात यंत्रात गेला तर निरीक्षक येतो आणि मालकाकडे कागद मागतो. रस्त्याच्या कामावरचा माणूस गेला तर पोलीस येतात आणि चालकाला शोधतात.

चालकाला शोधायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. पण शोध तिथेच संपतो. चालक सापडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाचा गुन्हा, शिक्षा जास्तीत जास्त ५ वर्षं. सापडला नाही तर 'अज्ञात वाहन', आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या योजनेप्रमाणे वारसांना २ लाख रुपये. दोन्हीकडे एक प्रश्न कुणी विचारत नाही: ताशी ६० किलोमीटरने धावणाऱ्या वाहनांपासून दोन हातांवर त्या माणसाला उभं कुणी केलं होतं, आणि मध्ये आडोसा म्हणून काय ठेवलं होतं?

माझं म्हणणं असं की रस्त्यावरच्या मजुराचा जीव चालकांच्या सद्बुद्धीवर सोडणं बंद करून तो निविदेत धरला पाहिजे. त्याच्या सुरक्षेचा खर्च खडी-डांबरासारखा वेगळा मोजला जावा, वेगळा दिला जावा आणि काम नीट झालं नाही तर कापलाही जावा. जिथे हा खर्च करूनही धोका टळत नाही, तिथे रस्ता सरळ बंद करावा. पुण्याला या दोन्ही गोष्टी जमण्यासारख्या आहेत.

आधी काम कसं चालतं ते पाहू, कारण बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की मजुराने जरा मागे लक्ष ठेवलं तर काय बिघडलं. डांबर मिसळलेली खडी प्लँटवरून येते तेव्हा दीडशे अंशांच्या आसपास तापलेली असते. ती पेव्हरमधून, म्हणजे थर पसरणाऱ्या यंत्रातून, पडली की थंड व्हायला लागते, आणि पुरेशी गरम आहे तोवरच रोलर फिरला पाहिजे, नाहीतर थर नीट दबत नाही आणि पहिल्या पावसात रस्ता उखडतो. म्हणजे डंपर रिकामा झाल्यापासून टोळीचं सगळं लक्ष खाली असतं. फावडेवाला कडा सारखी करतो, रेकवाला खडी ओढतो, बाई झाडूने सुटलेली खडी गोळा करते. पाठ बहुतेक वेळा वाहतुकीकडे. पेव्हर, रोलर आणि मागे येणाऱ्या डंपरचा भोंगा यांच्या आवाजात शंभर फुटांवरचा हॉर्नही कानावर येत नाही. पायाखालून धग, वरून घाम, म्हणून चमकणारं जॅकेट बऱ्याचदा रोलरच्या दांड्यावर लटकलेलं असतं. त्याबद्दल मुकादम मजुरांना शिव्या घालतो. पण जॅकेटमुळे फार तर माणूस दिसतो, ट्रक अडत नाही.

आता चालकाच्या बाजूने. रस्ते आखताना आपल्याकडचे अभियंते जे थांबण्याचं अंतर धरतात, ते ताशी ४० किलोमीटरला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर आणि ८० ला १२० मीटर आहे. त्यात समोरचं दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंतचे अडीच सेकंद धरलेले असतात. अडीच सेकंदांत ताशी ६० ने धावणारी गाडी चाळीसएक मीटर पुढे गेलेली असते, ब्रेक लागायच्या आधीच. कामापासून दहा मीटर अलीकडे एक कोन, म्हणजे प्लास्टिकचा शंकू, ठेवला की चालकाला इशारा मिळाला, असं आपण मानतो. तो इशारा दिसेपर्यंत अपघात होऊन गेलेला असतो. नव्या कात्रज बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तर हे आकडेही अपुरे पडतात. तिथे डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे ट्रकचालक आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एकाच अपघातात ४८ वाहनं ठोकरली गेली. त्या उतारावर लेनच्या पट्ट्या मारायला उतरणाऱ्या माणसाला आपण झेंडी आणि शिट्टी देतो.

यावर काय करायचं हे कुणाला ठाऊक नाही असं मुळीच नाही. भारतीय रस्ते काँग्रेसची 'एसपी ५५' ही मार्गदर्शिका आहे आणि २०१४ मध्ये ती सुधारूनही झाली. तिच्यात कामाच्या जागेचे चार भाग सांगितले आहेत. आधी लांबवर इशाऱ्याच्या पाट्यांचा पट्टा. मग लेन हळूहळू निमुळती करत वाहनं बाजूला नेणारा पट्टा. मग प्रत्यक्ष काम. आणि शेवटी वाहनांना पुन्हा मूळ लेनमध्ये आणणारा पट्टा. काम सुरू होण्याआधी मध्ये काही अंतर मोकळं ठेवायचं असतं. तिथे माणूस नको, सामान नको, उभी केलेली गाडीसुद्धा नको. एखादं वाहन चुकून आत घुसलंच तर त्याला थांबायला ही जागा असते. पुण्यात ही मोकळी जागा दिसली की पाच मिनिटांत तिथे दोन रिक्षा, खडीचा ढीग आणि साहेबांची गाडी येते.

आपल्याकडचा खरा इशारा म्हणजे झाडाची फांदी. ड्रेनेजच्या चेंबरचं झाकण काढलं, माणूस आत उतरला, की शेजारच्या झाडाची फांदी तोडून त्यात खोचायची. त्याखालोखाल पाणी भरायचे प्लास्टिकचे लाल-पांढरे ठोकळे. पाण्याने भरले तर ते दुचाकीचा धक्का थोडाफार सोसतात. रिकामे असतील तर वाऱ्यानेही सरकतात, आणि ते रिकामेच असतात. आत चहाचे कागदी कप आणि गुटख्याच्या पुड्या तेवढ्या भरलेल्या. पुणं दुचाक्यांचं शहर आहे, ही गोष्टही कामाची आखणी करताना कुणी ध्यानात घेत नाही. दोन ठोकळ्यांमध्ये हँडल जाईल एवढी फट राहिली की दुचाकी तिथून आत येणारच. मेट्रोच्या कामाभोवती उभे केलेले उंच पत्रे दुचाकी आत येऊ देत नाहीत, म्हणून आत काम करणारे त्या बाबतीत निर्धास्त असतात. तेवढीही आड पॅचवर्कच्या, म्हणजे खड्डे बुजवणाऱ्या, टोळीला मिळत नाही, कारण तिचं काम एका जागी दोन तासांचं असतं आणि दोन तासांसाठी पत्रे कोण लावणार?

तिथे दुसरा उपाय आहे आणि तो महागही नाही. कामाच्या अलीकडे, मोकळी जागा सोडून, खडीने भरलेला डंपर आडवा नाहीतर तिरका उभा करायचा. मागे लुकलुकणारा बाणाचा फलक, आणि डंपरमध्ये माणूस नाही. धडकायचंच असेल तर त्या डंपरला धडका. परदेशात अशा गाड्यांच्या मागे धक्का शोषणारी खास उशी बसवलेली असते. तेवढं नसलं तरी भरलेला डंपर पुष्कळ काम करतो. तो कामावर असतोच. फक्त ठेकेदाराच्या हिशोबात तो रिकामा होऊन पुन्हा प्लँटवर पळाला पाहिजे, उभा राहिला की भाडं वाया.

आणि इथे मूळ प्रश्न येतो. रस्ते मंत्रालयाच्या तांत्रिक निकषांचं एक जाडजूड पुस्तक आहे. अभियंते त्याला 'ऑरेंज बुक' म्हणतात. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी रस्त्यांच्या निविदा त्याचा आधार घेतात. त्यातलं ११२ वं कलम कामाच्या वेळच्या वाहतूक व्यवस्थेबद्दल आहे. पाट्या, अडथळे, दिवे, झेंडीवाले, सगळं त्यात लिहिलेलं आहे आणि चांगलं लिहिलेलं आहे. मात्र पैशांच्या भागात आलं की तात्पुरता वळणरस्ता बांधला तर त्याचे पैसे लांबीवर मिळतात, आणि बाकीची व्यवस्था कामाचाच आनुषंगिक भाग समजायची, ती ठेकेदाराची जबाबदारी. म्हणजे खडीचे पैसे घनमीटरवर, डांबराचे टनावर, पट्ट्यांच्या रंगाचे चौरस मीटरवर आणि माणूस जिवंत ठेवण्याचे काहीच नाहीत. ते ठेकेदाराने आपल्या नफ्यातून काढायचे.

त्यात पुण्यातल्या निविदा अंदाजपत्रकाच्या वीस-तीस टक्के 'बिलो' जातात, हे वर्तमानपत्रं वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे. एवढ्या कमी दराने काम घेतलेला माणूस कशात काटकसर करेल? डांबर कमी घातलं तर चाचणीत सापडेल. थर पातळ केला तर रस्त्याचा गोल तुकडा, म्हणजे कोअर, कापून मोजतात. कोन कमी ठेवले, झेंडीवाला लावलाच नाही, डंपर उभा केला नाही, तर बिलातला एक रुपया जात नाही. काम खाली पोट-ठेकेदाराकडे जातं, तिथून मुकादमाकडे, आणि दर टप्प्यावर सुरक्षेसाठी उरलेलं थोडंसुद्धा आटतं. ठेकेदार दुष्ट असतो असं मी म्हणत नाही. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम माणूस करत नाही, एवढा साधा हिशोब आहे.

जंगली महाराज रस्त्याची कथा पुणेकर अजून रंगवून सांगतात. सत्तरच्या दशकात मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीने तो बांधला, दहा वर्षं खड्डा पडणार नाही अशी लेखी हमी दिली आणि ती पाळली. मला त्या कथेतला कराराचा भाग महत्त्वाचा वाटतो. जे लिहून घेतलं, ते मिळालं. आपण रस्त्याची हमी मागायला शिकलो. रस्ता करणाऱ्यांपैकी सगळे संध्याकाळी घरी गेले का, याची अट करारात घालणं आपल्याला अजून सुचलेलं नाही.

उपाय कागदावर अगदी नीरस दिसतो. प्रत्येक निविदेत वाहतूक-सुरक्षेची वेगळी बाब असावी आणि तिच्यावर 'बिलो' बोली लावता येऊ नये. रक्कम ठरलेली, स्पर्धा बाकीच्या कामावर. पैसे तासांवर द्यावेत: इतके तास इतके झेंडीवाले, इतका वेळ आड डंपर, इतके दिवे. रोज रात्री काम सुरू होण्याआधी जागेचे फोटो, वेळेसकट. फोटोत निमुळता पट्टा नसेल तर त्या रात्रीची ती रक्कम नाही, आणि कामही सुरू नाही. काम थांबवण्याचा अधिकार कनिष्ठ अभियंत्याला हवा. नुसता कागदावरचा अधिकार पुरणार नाही. रात्री एकला त्याने काम थांबवलं आणि सकाळी नगरसेवकाचा फोन आला, तर वरिष्ठांनी त्याच्या पाठीशी उभं राहिलं पाहिजे. मला खरी शंका या शेवटच्या गोष्टीचीच आहे.

झेंडीवाल्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. आपल्याकडे झेंडीवाला म्हणजे टोळीतला सर्वांत म्हातारा, सर्वांत लहान किंवा फावडं धरवत नाही असा माणूस. वाहतुकीच्या सर्वांत जवळ तोच उभा असतो. जपानमध्ये रस्त्याच्या कामावर वाहनं वळवणारा माणूस गणवेशातला, प्रशिक्षित रक्षक असतो आणि ठरावीक रस्त्यांवर तर परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूसच लागतो. पुण्यात वाहतूक पोलिसांच्या मदतीला वॉर्डन असतात. त्यांनाच कामाच्या जागेचं चार दिवसांचं प्रशिक्षण, प्रकाशदंड आणि पळून जायला मोकळी बाजू दिली तरी पुष्कळ फरक पडेल.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यापुढे कोन काय नि डंपर काय. १९ मे २०२४ ला पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरमध्ये, दारू प्यायल्याचा आरोप असलेल्या चालकाच्या भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोघांचा जीव घेतला, ते साऱ्या देशाने पाहिलं. त्या प्रकरणात पुण्याने चालकाबद्दल, त्याच्या घरच्यांबद्दल, रक्ताच्या नमुन्यांबद्दल महिनोन्‌महिने चर्चा केली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच वेळेला, त्याच वेगाच्या गाड्यांशेजारी, शहरात रोज कुठे ना कुठे काम चालू असतं. दिवसा वाहतूक असते म्हणून कामं आपणच रात्रीवर ढकलली. रात्री गाड्या कमी, म्हणून वेग जास्त, अंधार जास्त, प्यायलेले जास्त आणि पोलीस कमी. रस्त्यावर दारुडा येणार हे ज्याला आधीच माहीत आहे, त्याने तर आडोसा भक्कमच करायला हवा. सगळे चालक शहाणे असते तर आडोशाची गरजच कमी होती.

दुसरा आक्षेप खर्चाचा, आणि त्याच्या पोटात न बोललेला विचार असा की मजुरांसाठी एवढं कशाला. अमेरिकेतला अनुभव असा आहे की रस्त्याच्या कामाच्या जागी होणाऱ्या अपघातांत मरणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक कामगार नसतात, वाहनांतले असतात. अचानक संपलेली लेन, न दिसलेला खड्डा, पुढे थांबलेली रांग. मजुराला वाचवणारा निमुळता पट्टा घरी निघालेल्या दुचाकीस्वारालाही वाचवतो. ज्यांना मजुराचं सोयरसुतक नाही, त्यांनी निदान आपल्या मुलाचा विचार करावा. असं म्हणताना मला बरं वाटत नाही, पण अंदाजपत्रकाच्या सभेत हाच मुद्दा लवकर पटेल.

आता रस्ता बंद करण्याविषयी. बाणेर रस्ता एका रात्रीसाठी पूर्ण बंद ठेवून काम करू, असं म्हटलं की वाहतूक शाखेपासून सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत सगळ्यांना घाम फुटतो. म्हणून अर्धी लेन बंद, अर्धी चालू, आणि एका रात्रीचं काम चार रात्री. पण हेच शहर दरवर्षी विसर्जनाला लक्ष्मी, टिळक, कुमठेकर, केळकर रस्ते तीस तासांच्या आसपास बंद ठेवतं. पालख्या येतात तेव्हा कुठला रस्ता किती वाजता बंद, कुठून वळायचं, याचे नकाशे आठवडाभर आधी छापून येतात आणि लोक निमूटपणे वळतात. १ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री चांदणी चौकातला जुना पूल पाडायला मुंबई-बंगळुरू महामार्गच बंद केला. सकाळी वाहतूक पुन्हा सुरू झाली. त्या रात्री हे शहर काही बुडालं नाही. बंद रस्त्यावर टोळी दुप्पट वेगाने काम करते, सांधे कमी येतात, रस्ता टिकतो, आणि पाठीमागून कुणी येत नाही. ज्या रस्त्याला पर्यायी मार्ग आहे, तिथे डांबरीकरणासाठी रात्री अकरा ते पाच पूर्ण बंद हा नियम असावा, आणि अर्धा रस्ता चालू ठेवायचा असेल तर त्याची कारणं लेखी मागावीत. आज नेमकं उलट आहे.

घाईबद्दलही एक. पालखीआधी, गणपतीआधी, कुणी मोठा पाहुणा येणार असेल तर त्याआधी, अमुक तारखेपर्यंत खड्डे बुजलेच पाहिजेत असे आदेश निघतात. जानेवारी २०२३ मध्ये जी-२० च्या बैठकीआधी शहर कसं रातोरात रंगलं ते आठवून पाहा. अशा कामांत सुरक्षेची मांडणी पहिल्यांदा गळते, कारण ती मांडायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि खड्डा बुजवायला वीस मिनिटं.

काम थांबलं तरी धोका थांबत नाही, कारण मजूर झोपतातही तिथेच. २३ डिसेंबर २०२४ च्या मध्यरात्रीनंतर वाघोलीत केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्यांच्या अंगावर डंपर गेला आणि तिघं गेले. त्यातली दोन लहान मुलं होती. कामासाठी अमरावतीहून आलेली ती माणसं. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात नांदुऱ्याजवळ महामार्गाच्या कामावरचे मेळघाटातले मजूर रस्त्याकडेच्या शेडमध्ये झोपलेले असताना ट्रक त्यांच्यावर गेला. बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा कायदा झाला, त्यात रस्त्याचं कामही येत होतं; २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली. पण तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता, आणि पाळणाघर हवं असेल तर पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असाव्या लागत. पॅचवर्कच्या टोळीत पन्नास बाया कुठून येणार होत्या? मग तान्हं मूल दुभाजकावरच्या झोळीत. कल्याणकारी मंडळात नोंदणी असेल तर कामावर मृत्यू आल्यास वारसाला ५ लाख रुपये मिळतात. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि तीन मुकादम बदललेल्या माणसाला तो कोण देणार? ठेकेदाराने पहिलं बिल टाकतानाच टोळीतल्या प्रत्येकाचा नोंदणी क्रमांक आणि ती रात्री कुठे राहते तो पत्ता जोडावा, एवढी अट घातली तरी या साखळीतली बरीच भोकं बुजतील. राहण्याची जागा रस्त्याच्या कडेपासून दूर, भिंतीआड हवी, हे पत्त्याच्याच रकान्यात तपासता येईल.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ हे कलम आलं. रस्त्याची आखणी, बांधणी, देखभाल निकषांप्रमाणे न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित अधिकारी, ठेकेदार किंवा सल्लागार यांना १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कोटींच्या कामात १ लाख म्हणजे दोन दिवसांचं डिझेल. तरी कलम आहे, आणि त्याचा उपयोग पैशांपेक्षा नोंदीसाठी आहे. कामाच्या जागी माणूस मेला की तपासात पहिल्याच दिवशी वाहतूक व्यवस्थेचा मंजूर आराखडा मागितला जावा. आराखडाच नव्हता, किंवा होता आणि मांडला नव्हता, हे एकदा पंचनाम्यात आलं की पुढच्या निविदेत ठेकेदार डंपर उभा करण्याचा खर्च आपणहून मांडेल.

रस्त्याच्या कामांची मोठी घाई पावसाळा संपल्यावर सुरू होते आणि त्यांच्या निविदा त्याआधीच निघतात. महापालिकेच्या पथ विभागाला सुरक्षेची ही वेगळी बाब घालायला ना नवा कायदा लागतो, ना दिल्लीची परवानगी. दरपत्रकात एक ओळ वाढवायची आणि तिच्यासमोर रक्कम लिहायची. ती किती असावी यावर भांडू या. आज तिथे शून्य आहे.